रिंगा कमी करून जाड सळ्या टाकल्या तर चालेल का?

प्रश्न: आमच्या तळमजला अधिक दोन अशा आरसीसी घराचं काम चालू आहे. भाग भूकंपाचा. ड्रॉइंगमधे कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकाला रिंगा (उभ्या सळ्यांभोवतीचे आडवे वेढे) दर १०० मिमीवर दाखवल्यात आणि रिंगेच्या टोकाचे हूक १३५ अंशात आत वळवायला सांगितलेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो एवढ्या रिंगांनी काँक्रीट खाली उतरत नाही, त्यापेक्षा बीममधे एक साइज जाड सळई टाकतो, घर अजून मजबूत होईल. ऐकावं का?

उत्तर: अजिबात ऐकू नका. भूकंपाचा पूर्ण जोर नुसत्या ताकदीवर झेलेल अशी बिल्डिंग आपण डिझाइनच करत नाही, येऊ शकणाऱ्या जोराच्या काही हिश्श्यासाठीच करतो, आयएस १८९३ या भारतीय भूकंप-मानकात डक्टाइल (न तुटता ताणल्या जाणाऱ्या) फ्रेमसाठी तो जोर पाचने भागतात. ही सवलत एका अटीवर मिळते, की मोठ्या धक्क्यात सळई ताणली जाईल, तडे जातील, पण बिल्डिंग उभी राहील आणि माणसं बाहेर पडतील. ती अट पाळतात त्या रिंगा.

हलताना कॉलमच्या टोकाचं कव्हर, म्हणजे सळ्यांबाहेरचा काँक्रीटचा थर, आधी सुटून पडतं. मग उभ्या सळ्या बाहेर फुगायला बघतात आणि त्यांना धरून ठेवायला फक्त रिंग उरते. ९० अंशाचा हूक कव्हरमधेच असतो, कव्हर गेलं की तो उघडतो आणि रिंग असून नसल्यासारखी. १३५ चा हूक आतल्या काँक्रीटमधे रुतलेला असतो म्हणून सुटत नाही. हूकच्या पुढचं टोकसुद्धा मोजून घ्या, सळईच्या व्यासाच्या ६ पट आणि कमीत कमी ६५ मिमी पाहिजे, फिटर तिथे हमखास तोकडं ठेवतात.

आणि बीममधे जाड सळई म्हणजे फायदा नाही, उलट धोका. बीम आधी वाकला पाहिजे, कॉलम नंतर. आयएस १३९२० (२०१६) या सळ्यांच्या मांडणीच्या मानकाप्रमाणे बीम-कॉलमच्या जॉइंटला कॉलमची ताकद बीमच्या किमान १.४ पट लागते, तुम्ही परस्पर बीम वाढवला की हे गणित उलटतं, कॉलम आधी जातात आणि स्लॅबवर स्लॅब बसतात. शिवाय बीममधे स्टील फार झालं तर सळई ताणायच्या आधीच काँक्रीट चिरडतं, म्हणजे आधी सूचनाच नाही.

काँक्रीट उतरत नाही ही तक्रार मात्र खरी आहे. पण त्यावर उपाय बारीक खडी, इंजिनिअरला विचारून ॲडमिक्चर (काँक्रीट पातळ करणारं रसायन) आणि बारीक नीडलचा (काँक्रीटमधे खुपसायच्या दांड्याचा) व्हायब्रेटर. पाणी वाढवणं नाही आणि रिंग काढणं तर नाहीच.

प्रश्न: खाली सगळं पार्किंग आणि वर विटांच्या भिंती, असं केलं तर काही बिघडतं का?

उत्तर: डिझाइन करताना धरलं नसेल तर खूप बिघडतं. वरचे मजले भिंतींमुळे ताठ राहतात, खालचा लवचिक, मग सगळं हलणं त्या मोकळ्या मजल्याच्या कॉलमवर येतं. २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमधे अशाच पार्किंगवाल्या बऱ्याच बिल्डिंगी पडल्या. इंजिनिअरला सरळ विचारा की खालच्या मजल्यासाठी शिअर वॉल (आडवा जोर घेणारी काँक्रीटची भिंत) किंवा ब्रेसिंग (तिरके आधार) धरलंय का, आणि नसेल तर काम पुढे न्यायच्या आधी डिझाइन परत तपासून घ्या.