फॉरमॅट किंवा मदरबोर्ड, दोन्हींच्या आधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षांचा लॅपटॉप, विंडोज १०, ८ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क. सुरू व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात, तासाभरात तापून अचानक बंद पडतो, मधूनच निळा स्क्रीन येतो आणि चार्जर लावला तरी ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ दिसतं. दुरुस्तीवाल्यांनी ‘फॉरमॅट मारा, नाहीच जमलं तर मदरबोर्ड बदला’ असं सांगितलंय.

इतक्यात दोन्ही करू नका. तुम्ही लिहिलेल्या चार तक्रारींमागे एकच बिघाड असेलच असं नाही. त्या वेगळ्या करायच्या तर प्रत्येक तक्रारीला एकच प्रश्न विचारा: हे नेमकं कधी होतं? सकाळी बटण दाबताना लॅपटॉप थंडगार असतो, तरीही सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात. म्हणजे हा संथपणा उष्णतेमुळे आलेला नाही, त्यासाठी डिस्ककडे बघायचं. तासाभराने बंद पडणं मात्र उष्णतेकडे किंवा वीजपुरवठ्याकडे बोट दाखवतं. ‘नॉट चार्जिंग’ ही तिसरीच गोष्ट असू शकते. फॉरमॅटने यातलं फार तर थोडंसं सुधारेल आणि तुमचा डेटा मात्र जाईल.

सगळ्यात आधी डेटा बाहेर काढा. बाहेरची हार्ड डिस्क जोडा आणि आधी छोट्या, पुन्हा न मिळणाऱ्या फाइल्स घ्या: कागदपत्रं, फोटो, हिशेब. सिनेमे आणि इन्स्टॉलर शेवटी. कॉपी होताना एखाद्या फाइलवर काम अडकलं तर ती सोडून पुढे जा. डिस्कमधून ठराविक लयीत ‘टक-टक’ असा आवाज येत असेल तर लॅपटॉप लगेच बंद करा. अशा डिस्कचं प्रत्येक मिनिट मोलाचं असतं आणि तिथून पुढचं काम डेटा रिकव्हरी करणाऱ्या माणसाचं.

कॉपी झाली की ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्राम चालवा. त्यात डिस्कने स्वतःच नोंदवलेली तब्येत दिसते. तीन ओळी महत्त्वाच्या: ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचताना अडलेले आणि निकालाची वाट पाहणारे सेक्टर, सी६ म्हणजे वाचताच न आलेले सेक्टर. ‘रॉ व्हॅल्यू’ या रकान्यातला आकडा हेक्साडेसिमल (० ते ९ आणि ए ते एफ) पद्धतीत दाखवला जातो, पण तिन्ही ठिकाणी सगळी शून्यं असतील तर या बाजूने काळजी नाही. सी५ किंवा सी६ मध्ये शून्याशिवाय काही असेल, किंवा ०५ चा आकडा आठवड्यागणिक वाढत असेल, तर डिस्क जाणार हे धरून चाला. सी७ मधले आकडे मात्र बहुतेकदा केबल किंवा सैल कनेक्टरमुळे वाढतात, त्यासाठी डिस्कला दोष देऊ नका.

इथे एक चूक फार जण करतात. डिस्क आजारी आहे हे कळल्यावर ‘चेकडिस्क’ या विंडोजच्या डिस्क-तपासणीचा आर पर्याय चालवतात किंवा डीफ्रॅग (फाइल्सचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करतात. दोन्हींत मरायला टेकलेल्या डिस्ककडून तासन्‌तास काम करून घेतलं जातं. डेटा सुरक्षित बाहेर येईपर्यंत हे करूच नका.

डिस्क निरोगी निघाली तरी संथपणाचं कारण तीच असू शकते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सुरुवातीची दहा मिनिटं ‘डिस्क’ हा रकाना बघा. तो १०० टक्क्यांना चिकटलेला आणि सीपीयू (प्रोसेसर) मात्र १०-२० टक्क्यांवर निवांत असेल, तर अडचण फिरत्या डिस्कच्या वेगाची आहे. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स विखुरलेल्या जागांवरून वाचतं, आणि फिरत्या डिस्कचं डोकं दर वेळी जागा शोधत हलतं. स्टार्टअपमधले प्रोग्राम कमी केले तर थोडा फरक पडेल, खरा फरक एसएसडीने, म्हणजे फिरणारे भाग नसलेल्या वेगवान डिस्कने. याच खिडकीत ‘मेमरी’ही बघा. नेहमीच्या कामात ती ८५-९० टक्क्यांवर राहत असेल तर रॅमही वाढवा. ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर १ ऑफ २ असं असेल तर एक खाच रिकामी आहे.

एसएसडी घेण्याआधी लॅपटॉपमध्ये जागा कोणती आहे ते मॉडेल क्रमांकावरून शोधा. साटा आणि एनव्हीएमई या जोडणीच्या दोन पद्धती. अडीच इंची साटा जागा असेल तर तिथे साटा एसएसडीच बसते. एम.२ जागा (पातळ पट्टीसारख्या एसएसडीची खाच) असेल तर ती साटा स्वीकारते, एनव्हीएमई स्वीकारते की दोन्ही, हे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आकार सारखा असल्याने चुकीची एसएसडी बसते आणि मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा लॅपटॉपचा मूळ सेटिंग प्रोग्राम) दिसतच नाही.

आता उष्णता. माझ्या मते तुमच्या लॅपटॉपचा मोठा दोष इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

‘एचडब्ल्यूइन्फो’ हा तापमान दाखवणारा मोफत प्रोग्राम उघडा, ‘सेन्सर्स’ निवडा आणि सीपीयूचं तापमान बघत नेहमीचं काम करा. काहीही न करता ४० ते ५५ अंश आणि जोर लावल्यावर ८० ते ९० अंश हे बहुतेक लॅपटॉपांत चालतं. बऱ्याच प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर जळू नये म्हणून वीज तोडतो. ‘थर्मल थ्रॉटलिंग’ समोर ‘यस’ येत असेल तर निदान झालंच. व्हिडिओ कॉलमध्ये पंधरा मिनिटांनी सगळं अडखळायला लागत असेल तर ते बहुधा याचमुळे.

विंडोजचा यात हात नाही याची खात्री करायची तर लॅपटॉप बायोसच्या पडद्यावर तासभर ठेवून द्या. तिथे विंडोज, ड्रायव्हर, व्हायरस काहीच चालू नसतं. तिथेही बंद पडला तर फॉरमॅटने सुटणारी ही गोष्ट नाही. मात्र बायोसमध्ये फारसं काम नसतं, त्यामुळे तिथे टिकला म्हणून हार्डवेअर निर्दोष ठरत नाही. मग यूएसबीवरून उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम ‘ट्राय’ पर्यायाने (इन्स्टॉल न करता) चालवा आणि तासभर व्हिडिओ बघा. तिथेही बंद पडला तर दोष हार्डवेअरचाच.

पंख्याच्या जाळीतून बाहेरून हवा मारून फारसं काही निघत नाही. धूळ साचते ती पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पातळ पट्ट्या यांच्या मधल्या फटीत, आणि तिची नमद्यासारखी जाड घडी बसते. ती काढायला मागचं झाकण उघडावंच लागतं. शिफ्ट दाबून धरून ‘शट डाऊन’ करा, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर साधं शट डाऊन हे पूर्ण बंद होणं नसतं. चार्जर काढा. स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरची पट्टी फोडतो किंवा आतल्या बोर्डात रुततो. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण अडलं तर जोर न लावता राहिलेला स्क्रू शोधा, आणि कडा प्लास्टिकच्या पातळ कार्डाने उकला.

आत पहिलं काम: बॅटरीचा कनेक्टर काढणं. ते होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नका. मग पंख्याचे स्क्रू काढून पंखा उचला, धुळीची घडी चिमट्याने काढा आणि पाती मऊ ब्रशने पुसा. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरली तर बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर स्थिर विजेमुळे टाळलेलाच बरा.

पाच वर्षांनी चिप आणि हीटसिंक यांच्या मधली थर्मल पेस्टही वाळलेली असते. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट क्रमाने आणि बसवताना सुलट क्रमाने, प्रत्येक स्क्रू एका वेळी थोडाच फिरवत जा. एक बाजू आधी घट्ट केली तर उघड्या चिपचा कोपरा तुटू शकतो. जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. लॅपटॉपच्या चिपवर धातूची टोपी नसते, त्यामुळे नवी पेस्ट संपूर्ण चिप झाकेल अशी पातळ पसरवा. आजूबाजूच्या चिपांवरचे राखाडी-निळे पॅड फाटले असतील तर त्याच जाडीचे नवे लावा. त्या जागी पेस्ट भरली तर हीटसिंक टेकत नाही आणि चिप तापते.

झाकण उघडलंच आहे तर बॅटरीकडे नीट बघा. फुगलेली दिसली, किंवा टचपॅड वर उचलला गेलाय, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतोय असं असेल, तर तिचा वापर तिथेच थांबवा. ती दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

‘नॉट चार्जिंग’साठी आधी कंपनीच्या प्रोग्राममध्ये किंवा बायोसमध्ये बॅटरी वाचवण्याची मर्यादा चालू आहे का ते बघा. चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवरच थांबत असेल तर तो बिघाड नसून ती सेटिंग आहे. तसं नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, एक स्पेस, मग स्लॅश लावून ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहा. तयार होणाऱ्या अहवालात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे मिळतील. पहिला ४१,००० आणि दुसरा १८,००० असेल तर बॅटरीत मूळच्या ४४ टक्केच दम उरलाय, ती बदला.

चार्जरवरचं लेबलही वाचा. १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॉट. बदली चार्जरचा व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो. काही लॅपटॉपांत पिनेच्या मधोमध बारीक तार असते, तीवरून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ती तुटली, किंवा साधा बदली चार्जर असला, तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरचा वेगही मुद्दाम पार खाली ठेवला जातो. त्याच वॉटचा मूळ कंपनीचा चार्जर कुणाकडून तासभर मागून घेतला की याचा निकाल लागतो. पिन हलवल्यावर चार्जिंग येत-जात असेल तर चार्जिंग जॅक बघायला सांगा. अनेक मॉडेलांत तो वायरला जोडलेला सुटा भाग असतो, त्यासाठी मदरबोर्ड बदलत नाहीत.

निळा स्क्रीन आला की त्यावरचं इंग्रजी नाव टिपून ठेवा. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ असेल तर डिस्क किंवा तिची केबल. ‘मेमरी मॅनेजमेंट’ वारंवार येत असेल तर रॅम तपासा: मेमटेस्ट८६ हा चाचणी प्रोग्राम यूएसबीवरून रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तर रॅमची एकेक पट्टी लावून पुन्हा चाचणी करा. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ बहुधा हार्डवेअरचीच असते. ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल’ने सुरू होणारं नाव असेल तर ड्रायव्हर बदला, आणि तो लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद पाहून घाबरू नका. ‘आधीचं बंद होणं नीट झालं नाही’ एवढाच तिचा अर्थ. तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’ शून्य असेल तर बहुतेक वेळा वीज तुटली किंवा लॅपटॉप गोठला होता.

फॉरमॅटची वेळ येते ती एसएसडी बसवल्यानंतर. आजारी डिस्कचा क्लोन (हुबेहूब प्रत) करू नका, नव्यावर कोरं विंडोज टाका. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत असेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप असेल तर थेट ११ टाका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्याच मदरबोर्डवर लायसन्स इंटरनेट जोडल्यावर आपोआप सक्रिय होतं. पण आधी ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. ती नसेल तर बायोसमध्ये बदल केल्यावर स्वतःचीच डिस्क उघडता येत नाही.

मदरबोर्डचा विषय सफाई, दुसरा चार्जर, दुसरी रॅम आणि दुसरी डिस्क हे सगळं लावून पाहिल्यावरही तोच त्रास राहिला तरच काढा. तेव्हा दुरुस्तीवाल्यांना विचारा की बोर्डावरचा नेमका कोणता भाग गेला आणि ते कशावरून ठरवलं. चार्जिंगची एखादी चिप किंवा शॉर्ट झालेला कपॅसिटर असेल तर तेवढंच बदलणारे कारागीर मिळतात. बोर्ड बदलला तर विंडोजचं लायसन्स पुन्हा सक्रिय करावं लागू शकतं, तेही आधीच विचारून घ्या. आणि लॅपटॉप तिथे ठेवताना डिस्क काढून घरी ठेवा. बोर्ड तपासायला तिची गरज नसते.