जर्मनीत शिकतोय. सेंट पॅट्रिक्स डेच्या (आयर्लंडचा राष्ट्रीय सण) वीकेंडला निवास परवान्यावर डब्लिनला जाता येईल का?

नाही, भारतीय पासपोर्ट असेल तर आयर्लंडचा वेगळा व्हिसा काढावाच लागेल. आयर्लंड युरोपीय संघात आहे, तिथे युरोही चालतो, पण तो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्यामुळे जर्मनीचा परवाना तिथे व्हिसाच्या जागी चालत नाही. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून आधी काढून बसू नका, विमानात चढण्यापूर्वीच अडवतील. आयर्लंडच्या इमिग्रेशन खात्याचा नियम असा: शॉर्ट स्टे ‘सी’ व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरायचा, मग कागदपत्रं पाठवायची. एका प्रवेशाचं शुल्क ६० युरो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा डिसेंबरच्या शेवटीच कामाला लागा. अर्जासोबत लागणारी ही कागदपत्रं आधी गोळा करा:

- बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट
- विद्यापीठात शिकत असल्याचं पत्र
- जर्मनीचा वैध निवास परवाना
- राहण्याची सोय आणि प्रवासाचा बेत

एक गोष्ट मात्र नीट बघा. डब्लिनची मुख्य मिरवणूक १७ मार्चलाच निघते, मग वार कुठलाही असो. २०२७ मध्ये तो बुधवार आहे, म्हणजे नुसत्या शनिवार-रविवारी गेलात तर तीच हुकेल. सुट्टी मिळत नसेल तर म्युनिक खरंच चांगलं: तिथली सेंट पॅट्रिक्स डेची मिरवणूक रविवारी असते आणि तुम्हाला व्हिसाचा प्रश्नच नाही.