मावशींच्या दोन पाटल्या

"ताई, मृत्युपत्र इस्टेटवाल्यांनी करायचं. माझ्याकडं चार भांडी आणि दोन पाटल्या. त्याचं कसलं आलंय मृत्युपत्र?"

मावशी हे बोलत होत्या तेव्हा पदराला हात पुसत होत्या. हात कोरडेच होते, पण पस्तीस-चाळीस वर्षांची सवय. वय ६३. पुण्यात पेठेतल्या चार घरी पोळ्या करतात आणि एका जुन्या वाड्यात, एका खोलीत एकट्या राहतात. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, पण त्यांचं हे वाक्य जसंच्या तसं ठेवलंय. वेगवेगळ्या तोंडून हेच वाक्य मी समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेळा ऐकलंय की आज त्याबद्दल लिहायलाच हवं असं वाटलं.

मावशी आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. डॉक्टरांनी तपासलं होतं, साखर, रक्तदाब सगळं ठीक. बोलता बोलता कळलं की दोन महिन्यांपूर्वी वाड्यात त्यांच्या शेजारच्या खोलीतल्या आजी गेल्या. त्याही एकट्याच राहायच्या. त्यांचं सामान आठ दिवस बोळात पडून होतं. लोखंडी कपाट, पितळी डबे, गादीची वळकटी, देवांचा छोटा लाकडी देव्हारा. नातेवाईक येऊन कपाटावरून भांडले, कपाट घेऊन गेले. उरलेलं शेवटी भंगारवाल्याने नेलं. "देव्हाऱ्यात बाळकृष्ण तसाच होता हो," मावशी म्हणाल्या, "मी पळत जाऊन काढून घेतला."

मरणाची भीती त्यांना फारशी नव्हती. आपलं सामान असं बोळात उघडं पडेल, ही होती. आणि ती भीती बोलून दाखवायची लाज वाटत होती, कारण सामान ते काय आणि किती!

माझं इथे चुकलं. हे कळल्याबरोबर मी म्हटलं, "मग मावशी, मृत्युपत्र करून टाका." त्यावर त्यांनी ते चार भांड्यांचं वाक्य टाकलं आणि पुढच्या आठवड्यात आल्याच नाहीत. 'मृत्यू' हा शब्द ज्याच्या नावातच आहे असा कागद मी त्यांच्यापुढे फार लवकर ठेवला होता. तेव्हापासून मी 'इच्छापत्र' म्हणते. कायद्याला दोन्ही एकच, ऐकणाऱ्याला नाही.

त्या परत आल्या त्या एक कापडी पिशवी घेऊन. पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून, रबर लावून ठेवलेलं सगळं: बँकेचं पासबुक, मुदत ठेवीच्या दोन पावत्या, पोस्टाचं पासबुक आणि एका जुन्या रुमालात दोन पाटल्या. ठेवी आणि बचत मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास. "एवढंच आहे," म्हणाल्या. मी पावत्या उलटून पाहिल्या. नॉमिनी म्हणून भावाचं नाव. भाऊ २०२१ साली गेला.

"मावशी, तुम्ही काहीच लिहून ठेवलं नाही तर हे कोणाला मिळेल असं वाटतं तुम्हाला?"

"भाचीला. भावाची एकुलती एक पोर आहे. दुसरं आहे कोण मला?"

इथे त्यांची थोडी हकिकत सांगायला हवी. १९८४ साली लग्न झालं. अडीच वर्षांत नवरा आजारपणाने गेला. मूलबाळ नव्हतं. तेरावं झाल्यावर सासरच्यांनी एक ट्रंक देऊन माहेरी पाठवलं, ते कायमचं. माहेरी आईने आपल्या हातातल्या दोन पाटल्या काढून लेकीच्या हातात घातल्या. पुढे पोळ्यांची कामं, शहर, ही खोली. सासरचं माणूस त्यानंतर एकदाही दारात आलं नाही.

आणि आता कायदा. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, त्यातलं कलम १५. हिंदू बाई इच्छापत्र न करता गेली तर तिची मालमत्ता आधी मुलं, आधी वारलेल्या मुलामुलीची मुलं आणि नवरा यांना. यातलं कोणी नसेल तर नवऱ्याच्या वारसांना. त्यांच्यानंतर तिच्या स्वतःच्या आईवडिलांना, आणि त्याही नंतर वडिलांच्या वारसांना, म्हणजे भाऊ-बहीण-भाचरांना. याला अपवाद आहेत, पण ते वारशाने आलेल्या मालमत्तेपुरते. आईवडिलांकडून वारशाने आलेलं असेल तर मूल नसलेल्या बाईच्या मागे ते वडिलांच्या वारसांकडे जातं. मावशींच्या ठेवी कष्टाच्या. आणि पाटल्या? त्या आईने जिवंतपणी हातात घातल्या, म्हणजे भेट, वारसा नव्हे. त्यामुळे त्याही सासरच्याच वाटेने जायच्या. हे मला आमच्याकडे येणाऱ्या वकीलबाईंनी समजावलं तेव्हा मलाही दोनदा विचारून घ्यावं लागलं.

मावशींना मी सावकाश सांगितलं. सासू-सासरे हयात नाहीत. म्हणजे दीर आणि नणंद.

त्या बराच वेळ गप्प होत्या. पाटल्यांचा रुमाल नीट घडी करून परत उलगडला. मग म्हणाल्या, "मला एसटीत बसवलं तेव्हा तिकिटाचे पैसेसुद्धा दिले नव्हते. आता आईच्या पाटल्या त्यांना?"

हे मी रंगवून सांगत नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी असंच प्रकरण आलं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत सर्पदंशाने नवरा गेलेली बाई, सासरहून बाहेर काढलेली. माहेरच्यांनी शिकवलं, नोकरी लागली, पैसे साठले. ती इच्छापत्र न करता गेली. आईने वारसा प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आणि पलीकडून नवऱ्याच्या बहिणीची मुलं उभी राहिली. पैसे त्यांना मिळाले. न्यायालयाने म्हटलं, सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, कायदा असा आहे. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये याच कलमाविषयीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, इच्छापत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं. पुरुषाची बायको आधी गेली आणि मूल नसेल, तर त्याची मालमत्ता त्याच्या माणसांकडे जाते, बायकोच्या माणसांकडे नाही. मला हा अन्याय वाटतो आणि तसं मी समोरच्या बाईला स्पष्ट सांगते. पण कायदा बदलेपर्यंत एका कागदाने हा अन्याय आपल्यापुरता टाळता येतो, हेही सांगते.

तरी मावशी अडल्या होत्याच. अडचण वेगळी होती. त्यांच्या एका कामाच्या घरच्या काकूंनी मुलाच्या नावे फ्लॅट करून दिला आणि वर्षात त्यांना वृद्धाश्रमात जावं लागलं. "लिहून दिलं की हातातून गेलं," मावशींचं म्हणणं. तो कागद बक्षीसपत्राचा होता. ते केल्यावर वस्तू तेव्हाच दुसऱ्याची होते. इच्छापत्र आपण असेपर्यंत नुसता कागद असतो. पैसे खर्च करा, पाटल्या मोडा, मन बदललं तर नवीन लिहा. शेवटचं जे लिहिलं असेल ते खरं. हे मी त्यांना तीन वेळा सांगितलं आणि तिसऱ्या वेळी त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला दिसला.

मग आम्ही यादी करायला बसलो. दोन बैठका लागल्या! चार भांड्यांची बाई, पण प्रत्येक वस्तूला माणूस होतं. पाटल्या भाचीला, एक तिची, एक तिच्या लेकीची. पितळी परात वाड्यातल्या गणपती मंडळाला, प्रसादाच्या शिऱ्यासाठी. शेजारच्या आजींचा तो बाळकृष्ण एका कामाच्या घरच्या मुलीला, कारण तिने मागून ठेवलाय. भिशीत भरलेले पैसे कुठेच लिहिलेले नव्हते, ते कागदावर आले. वाण्याची उधारी तेवढी फेडावी, हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

आणि पोळपाट. सागवानी, मधोमध झिजून किंचित खोलगट झालेला. त्या दिवशी कामावरून परस्पर आल्या होत्या, पिशवीत तो होता. "हा वरच्या मजल्यावरच्या पोरीला." वरच्या मजल्यावरची ही पोर म्हणजे वाड्यातली एक तरुण सून. मावशींनी तिला पोळ्या लाटायला शिकवलं, दोन घरची कामं मिळवून दिली. मावशींना डेंग्यू झाला तेव्हा सहा दिवस दवाखान्यात तीच बसली होती. तिच्यासाठी पंचवीस हजार आणि पोळपाट. नात्याने ही मुलगी मावशींची कोणी नाही. कुठल्याही कलमात, कुठल्याही क्रमांकावर तिचं नाव येणार नाही. मावशींनी लिहिलं तरच येणार.

खोलीपाशी मात्र मला त्यांना नाही म्हणावं लागलं. खोली जुन्या भाड्याची. त्यांना वाटत होतं, हीच आपली मोठी चीज, ती भाचीला लिहून द्यावी. भाडेकरूचा हक्क इच्छापत्राने कोणाला देता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा निकाल आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरू गेल्यावर तो हक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो आणि तसं कोणी नसेल तर वारसाकडे. भाची तर लग्न होऊन भोरला. मावशींना वाईट वाटलं. पण खोटी आशा कागदावर लिहून ठेवली की भाचीच्या वाट्याला कोर्टाच्या खेपा येतात.

दुसरी एक गोष्ट आम्ही इच्छापत्राबाहेर ठेवली. त्यांना नेत्रदान करायचं होतं. डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, आणि इच्छापत्र लोक उघडतात तेराव्यानंतर. म्हणून तो वेगळा कागद, खोलीच्या दाराच्या आत चिकटवलेला, आणि भाचीला व वरच्या मुलीला तोंडी सांगून ठेवलेलं.

प्रत्यक्ष लिहिणं अर्ध्या तासाचं काम होतं. साधा कोरा कागद, मराठीत. स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही; केली तर पुढे शंका कमी येतात, म्हणून झेपत असेल तर करावी असं मी सांगते. सही येत नसेल तर अंगठा चालतो. महत्त्वाचे ते दोन साक्षीदार. दोघांनी सही होताना डोळ्यांनी पाहावं आणि मग स्वतः सही करावी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, आणि आपल्याच वयाचे दोन म्हातारे शोधू नयेत. आम्ही तारीख घातली आणि डॉक्टरांकडून मावशी शुद्धीत, समजून-उमजून सही करत असल्याचा दाखला जोडला. तो कायद्याने लागतोच असं नाही, पण भांडण झालं तर उपयोगी पडतो. हे सगळं पार पाडायला एक विश्वासू माणूस नेमला, एका कामाच्या घरचे निवृत्त शिक्षक. वकिलाचे पैसे द्यावे लागले नाहीत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं किंवा १५१०० वर फोन करायचा.

बँकेत जाऊन नॉमिनीही बदलून घेतला. इथे एक गैरसमज हमखास भेटतो: नॉमिनी लावलाय, मग इच्छापत्र कशाला? नॉमिनी पैसे हातात घेतो, वारसांच्या वतीने. मालक तो ठरतोच असं नाही. विमा पॉलिसीच्या नॉमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हेच सांगितलं होतं; विम्याचा नियम २०१५ मध्ये जवळच्या नातेवाइकांपुरता बदलला. म्हणून दोन्ही करा आणि शक्यतो दोन्हीकडे एकच नाव ठेवा.

मी सगळ्यांनाच आग्रह करत नाही. बायको, दोन सज्ञान मुलं, एक जोडखातं आणि घरात गोडी असेल, तर कायद्याचा क्रम आणि तुमचा क्रम बहुधा जुळतो. पण एकटे असाल, मूलबाळ नसेल, घटस्फोट झाला असेल, लग्नाशिवाय कोणासोबत राहत असाल, एखादं मूल स्वतःचं पाहू न शकणारं असेल, किंवा तुमचं करणारं माणूस नात्याबाहेरचं असेल, तर पासबुकावर पाच हजार असले तरी या. रक्कम लहान असली की कोर्टकचेरी कोणालाच परवडत नाही आणि वस्तू जो आधी उचलेल त्याची होते. कपाटावरून झालेलं भांडण मावशींनी पाहिलंच होतं.

सही झाली त्या दिवशी मावशी नवं लुगडं नेसून आल्या होत्या. सही केली, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली आणि "अकराचं घर राहिलंय" म्हणून लगेच निघाल्या.

सहा महिन्यांनी परत आल्या. झोप बरी होती, अधूनमधून जाग यायची. काम वेगळंच निघालं. "ताई, त्या कागदातनं पोळपाट काढायचाय."

मला वाटलं, वरच्या मुलीशी काही बिनसलं. मी सांगायला लागले की मूळ कागदावर खाडाखोड करायची नाही, दोन साक्षीदारांसमोर नवीन लिहायचं किंवा पुरवणी जोडायची.

"बिनसलं नाही हो. दिला तिला. तिचा मोडला मागच्या आठवड्यात, नवीन पोरगी, विकत घेईल तर कुठला घेईल." मग पिशवीतून स्वतःसाठी घेतलेला नवा पोळपाट काढून मला दाखवला. "हलकाय. पोळी सरकतीय अजून."