पेशी वाढल्या, पेशी कमी झाल्या: पण कोणत्या?

प्रतापनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे: "भाऊजी धंतोलीत आयसीयूमध्ये आहेत, सेप्सिस झालं आहे. सोमवारी डॉक्टर म्हणाले, पेशी खूप वाढल्या, काळजी आहे. गुरुवारी म्हणाले, पेशी कमी झाल्या, जास्त काळजी आहे. वाढल्या तरी वाईट, घटल्या तरी वाईट, हे कसं? 'पेशी' म्हणजे नेमकं काय धरायचं? आणि मुलाला समजावताना मी 'शरीराचे सैनिक' म्हटलं, ते बरोबर का?"

ताई, आधी शब्दाचं बघू, कारण निम्मा घोळ शब्दातच आहे.

आपल्या नागपुरात 'पेशी' दोन आहेत. सिव्हिल लाइन्सकडे कोणी "उद्या पेशी आहे" म्हणालं, तर ती कोर्टाची तारीख. ही फारसी 'पेश'वरून आलेली, पेश म्हणजे समोर. हिंदीच्या शेजारामुळे ती इकडे चांगलीच मुरली. शरीरातली पेशी संस्कृत आहे, तिचा हिच्याशी काही संबंध नाही. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा तुकडा, गोळा. सुश्रुताने शरीरात 500 पेशी मोजल्या त्या मांसाच्या, आज आपण ज्यांना स्नायू म्हणतो त्या. हिंदीने 'मांसपेशी'त तो जुना अर्थ जपला आणि सूक्ष्म घटकासाठी 'कोशिका' घेतला. मराठीने उलट केलं: मांसाला 'स्नायू' म्हटलं आणि मोकळा झालेला 'पेशी' हा शब्द सूक्ष्म घटकाला दिला. 'कोशिका' म्हटलं की बंद खण डोळ्यांसमोर येतो. 'पेशी'त मांसाचा जिवंतपणा आहे, आणि रक्तातल्या ज्या पेशींबद्दल तुम्ही विचारता त्या सरपटतात, आकार बदलतात, जंतू गिळतात. म्हणून मला मराठीची निवड अधिक आवडते.

आता दवाखान्यातली पेशी. वाक्यात विशेषण नसलं की इथे अडचण होते. डेंगूच्या दिवसांत "पेशी कमी झाल्या म्हणते डॉक्टर" याचा अर्थ सगळा मोहल्ला एकच घेतो: प्लेटलेट. खरं तर प्लेटलेट ही पूर्ण पेशीसुद्धा नाही. हाडाच्या मगजातल्या एका मोठ्या पेशीचे ते तुटून आलेले तुकडे आहेत, त्यात केंद्रक नसतं. पण "पेशी वाढल्या" म्हटलं की बहुतेक वेळा पांढऱ्या पेशी असतात. म्हणजे क्रियापद बदललं की नाम गुपचूप बदलतं, आणि ऐकणाऱ्याला ते कळत नाही.

माझ्या आत्याच्या वेळी हेच झालं. रात्री फोन आला, "पेशी फार कमी झाल्या." आतेभाऊ प्लेटलेट देणारे शोधत रक्तपेढ्या पालथ्या घालत फिरला. सकाळी रिपोर्ट हातात आल्यावर कळलं की घटल्या होत्या त्या पांढऱ्या. त्या रात्री त्याने आईजवळ बसायला हवं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं. एक विशेषण कोणी बोललं असतं तर तो बसला असता.

तुमच्या भाऊजींच्या बाबतीतही गुरुवारच्या 'पेशी' पांढऱ्या की प्लेटलेट, हे विचारूनच घ्या. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीर देत असलेला प्रतिसादच बिघडतो त्या अवस्थेत, दोन्ही घटू शकतात.

त्या पांढऱ्याच असतील असं धरून पुढे सांगतो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या साधारण 4,000 ते 11,000 असतात, आणि त्यांत सर्वांत जास्त न्यूट्रोफिल. जंतू शिरले की पहाऱ्यावरच्या पेशी त्यांच्या अंगावरच्या खुणा ओळखतात आणि रसायनांतून निरोप धाडतात. हाडाच्या मगजात न्यूट्रोफिलचा साठा असतो, तो रक्तात सोडला जातो. आकडा 12,000 च्या वर जातो, ही तुमची सोमवारची "वाढल्या". मागणी फारच वाढली तर मगज अर्धवट तयार झालेल्याही पाठवतो. रिपोर्टवर त्यांना 'बँड' म्हणतात. मी त्यांना 'कच्च्या पेशी' म्हणेन. कैरीसाठी जो 'कच्चा' वापरतो तोच, आणि अर्थही अगदी तोच.

मग घटतात कशा? न्यूट्रोफिलचं रक्तातलं आयुष्य मुळातच थोडं, काही तासांचं ते फार तर दिवस-दोन दिवसांचं. त्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, फुप्फुसासारख्या अवयवांत शिरतात, तिथेच मरतात. मगजाला भरपाई जमेनाशी झाली की आकडा 4,000 च्या खाली येतो. आजार आटोक्यात आला म्हणूनही आकडा उतरतो, तो 12,000 वरून हळूहळू नेहमीच्या पट्ट्यात येतो. त्याला "उतरल्या" म्हणावं आणि साठा आटल्याने झालेल्या घटीला "आटल्या". विहिरीच्या पाण्यासाठी आपण हा भेद करतोच.

आणखी एक गोष्ट एकूण आकड्यात दिसत नाही. सेप्सिसमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने आपणहून मरतात, आणि मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी मंदावतात, जंतूची ओळख इतर पेशींना पटवून देण्याचं त्यांचं काम नीट होत नाही. एकीकडे दाह भडकलेला, दुसरीकडे प्रतिकार खचलेला, आणि दोन्ही एकाच वेळी. म्हणूनच अशा रुग्णाला नंतर दुसरा संसर्ग सहज गाठतो.

आता 'सैनिक'. लहान मुलाला साध्या जखमेबद्दल सांगायला हा शब्द चालतो. सेप्सिसबद्दल मात्र तो अपुरा पडतो. 2016 पासून रूढ असलेल्या व्याख्येचा आशय असा: संसर्गाला शरीर देत असलेला प्रतिसाद बिघडतो आणि त्यामुळे अवयव जिवावर बेतेल इतके निकामी होऊ लागतात. म्हणजे हानी निव्वळ जंतू करत नाहीत. न्यूट्रोफिल स्वतःच्या केंद्रकातले धागे बाहेर फेकून जंतूंवर जाळं टाकतात, हे 2004 मध्ये उजेडात आलं. तेच जाळं फार झालं की बारीक वाहिन्यांत रक्त गोठतं आणि भिंतींना इजा होते. या बिघाडाला मी 'ताळ सुटलेला प्रतिसाद' म्हणेन. ताळ सुटतो तेव्हा जोर असतोच, फक्त त्याला आवर नसतो. "अंगात विष पसरलं" हे आपल्याकडचं वाक्यही म्हणूनच नीट बसत नाही. विष बाहेरून येतं, हा प्रतिसाद आपलाच असतो.

मुलाला असं सांगून बघा: घरात एका कोपऱ्यात आग लागली, विझवायला सगळे धावले, आणि इतकं पाणी मारलं की भिंतीच खचायला लागल्या. आता डॉक्टर आगही विझवताहेत आणि भिंतीही सावरताहेत.

आणि उद्या राउंडच्या वेळी "पेशी किती?" असं विचारू नका. विचारा: "पांढऱ्या किती, त्यात कच्च्या किती, प्लेटलेट किती, आणि आकडा उतरला की आटला?"