घाटात गाडी धक्के का देते?

प्रश्न : माझी २०१६ची पेट्रोल गाडी पावसाळ्यात कुंभार्ली घाट चढताना धक्के देते, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो. गॅरेजवाल्याने चारही प्लग बदलले, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला, पुन्हा तेच. कोड पी०३०३ येतो.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. पी०३०३ एवढंच सांगतो, की तिसरा सिलिंडर मिस होतोय, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाहीये. कारण आपण शोधायचं. तुमच्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल, तर इंजिन बंद करून तिसरी आणि पहिली कॉइल अदलाबदल करा. मग कोड पी०३०१ झाला, तर कॉइलच गेली. बाकीच्या तीन कशाला बदलायच्या? कोड तिसऱ्यावरच राहिला तर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. चढावर लोड येतो, तेव्हाच अशक्त कॉइल उघडी पडते. पावसाचा संबंध असल्याने प्लगच्या खड्ड्यात पाणी किंवा ऑइल साचलंय का, हेही बघून घ्या. ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाचं, गॅस्केट बदला.

दिवा नुसता पेटला तर सावकाश गॅरेज गाठता येतं. लुकलुकला तर ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला थांबा. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, आणि तो कॉइलपेक्षा कैक पटींनी महाग!