परदेशी लष्करी तळ दिला की सार्वभौमत्व जातं का?

तळापेक्षा करारातली कलमं वाचा. पुणेकरांनी वसईचा तह आठवावा, ३१ डिसेंबर १८०२ चा. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची किमान ६,००० ची तैनाती फौज कायमची पत्करली, खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. पण खरा घाव वेगळ्या कलमाचा: इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणी करायची नाहीत. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं.

आजच्या करारात आधी हे बघा: परदेशी सैनिकाने गुन्हा केला तर खटला कुणाच्या कोर्टात चालणार? मग मुदत, आणि मंजुरी कुणाची. फिलिपिन्सच्या सिनेटने १९९१ मध्ये १२ विरुद्ध ११ मतांनी अमेरिकेबरोबरचा नवा तळकरार फेटाळला; पुढच्याच वर्षी अमेरिकेने सुबिक बे हा तिथला आपला नौदल तळ सोडला. ही मंजुरी एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती नव्हती, म्हणूनच हे जमलं.