कळण्याची भाकरी आणि भरीत डाएटमध्ये चालतं का?

जिम लावलंय, वजन उतरवायचंय, म्हणून कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी नि भरीत सोडून ओट्स सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. भाऊ, भाकरी मुळीच सोडू नका. शंभर ग्रॅम ओट्समध्ये प्रोटीन १३ ग्रॅमच्या आसपास, आणि कळण्याच्या पिठातही जवळपास तेवढंच.

मी अमळनेरची. आमच्या घरी तीन वाटे ज्वारीला एक वाटा सालासकट उडीद घालून दळतात. माझ्या एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे ६० ग्रॅम ज्वारी नि २० ग्रॅम उडीद. प्रोटीन साधारण साडेदहा ग्रॅम, कॅलरी २७० च्या आसपास. शिवाय ज्वारीत लायसिन, म्हणजे प्रोटीनमधला एक गरजेचा घटक, कमी असतं, ते उडीद भरून काढतो. आपल्या आज्यांनी ही जोडी फार विचारानं जमवली असं मला मनापासून वाटतं.

मोजायचं ते कोरडं पीठ. भाजलेल्या भाकरीच्या वजनात पाणी असतं, आणि ते प्रत्येकीच्या हातागणिक बदलतं. ॲपमधली ‘एक भाकरी’ कुणाच्या हातची, कोण जाणे.

खरी गडबड भरीतात होते. पाव किलो वांग्यात जेमतेम ६० कॅलरी. पण फोडणीला आपल्याकडे तेलाची धार धरतात ना, ती मी एकदा वाटीत धरून काट्यावर ठेवली. ४५ ग्रॅम! म्हणजे ४०० कॅलरी, दीड भाकरीच्या. आता मी मिरच्या नि लसूण वांग्याबरोबरच भाजून ठेचते, वरून दोन छोटे चमचे तेल, आणि भरपूर कांद्याची पात. चव कुठेही कमी पडत नाही. शेंगदाणे मात्र काढत नाही. ३० ग्रॅमला १७० कॅलरी जातात खऱ्या, पण ७ ग्रॅम प्रोटीनही मिळतं.

वजनं उचलत असाल तर शरीराच्या किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रोटीन धरतात. सत्तर किलोच्या माणसाला शंभराच्या वर लागतं, आणि दोन भाकरी एकवीसच देतात. म्हणून फुणके-कढी करा. भिजवलेली तूरडाळ भरड वाटून वाफवायची, तेल नावालाच. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत २२ ग्रॅम प्रोटीन असतं. जोडीला दही, चालत असतील तर अंडी. शेवभाजी महिन्यातून एकदा.

आणि आईला दळणाचे वाटे विचारून घ्या. कुठे दोनास एक घालतात, कुठे चारास एक, त्यावर वरचे आकडे बदलतील.